होमस्टे आणि आंब्यासाठी कार्ड घ्यावं का? धोका कसा तोलायचा?

सुरूबन

नमस्कार मंडळी. गुहागरच्या बाजूला आमचं घर आहे. पाच खोल्यांचा होमस्टे चालवतो आणि मार्च ते मे स्वतःच्या बागेतला हापूस थेट गिऱ्हाइकाला देतो. आजवर सगळं रोख आणि यूपीआयवर भागलं. आता कार्डाचं मशीन घेतलंय, आणि वेबसाइटवर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घ्यायची सोय, बसवायचा आहे. गेटवेवाले विचारताहेत, परदेशी कार्डं चालू करू का? बाबा म्हणतात, कार्डाच्या भानगडीत पडूच नको. भाऊ म्हणतो, घ्यायचं तर सगळंच घेऊ, नाहीतर गिऱ्हाईक शेजारच्या रिसॉर्टला जाईल.

त्यातच परवा एक मेल आला. आठ जण, जानेवारीत पाच रात्री, सगळ्या खोल्या हव्यात. दराबद्दल चकार शब्द नाही. जेवणाचं विचारलं नाही, समुद्र किती लांब तेही नाही. म्हणणं एवढंच की पूर्ण रक्कम कार्डावरून आत्ताच घ्या, शिवाय ५०,००० रुपये जास्तीचे घ्या आणि ते आमच्या गाडीवाल्याच्या खात्यात पाठवा, कारण त्याच्याकडे कार्ड चालत नाही. सोबत कार्ड नंबरही द्यायला तयार.

मला हे बरोबर वाटत नाही, पण नेमकं का ते घरच्यांना पटवून देता येत नाहीये. आणि या एका मेलपलीकडे, कुठला व्यवहार घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवायचं कसं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

जमाखर्च

सुरूबन, आधी त्या मेलचं. गाडीवाल्याला एक रुपयाही पाठवू नका.

मी नोकरीतली बरीच वर्षं एका बँकेत, दुकानदारांना मशीन देणाऱ्या विभागात, धोका तपासण्याच्या कामावर होतो. हा प्रकार छोट्या हॉटेलांच्या बाबतीत जगभर चालतो. कार्ड चोरीचं असतं. खऱ्या मालकाने तक्रार केली की कार्डावरून आलेली रक्कम तुमच्या खात्यातून परत जाते. गाडीवाल्याला पाठवलेले ५०,००० मात्र तुमच्या घरचे, ते कायमचे गेले. खोल्यांवर कुणी यायचंच नसतं. तुम्ही टिपलेल्या खुणा अगदी नेमक्या आहेत. कोकणात येणारा माणूस मासे ताजे मिळतात का, शाकाहारी वेगळं करता का, गाडी दारापर्यंत येते का, हे विचारतोच. ज्याला खोलीबद्दल काहीच विचारायचं नाही आणि पैसे द्यायची मात्र घाई आहे, त्याला खोली नकोच आहे.

घरच्यांना पटवायला एकच मुद्दा पुरेल. मशीनवर किंवा स्क्रीनवर ‘अप्रूव्ह्ड’ आलं म्हणजे कार्ड चालू आहे, त्यात तेवढी मर्यादा शिल्लक आहे आणि बँकेने ती रक्कम राखून ठेवली, इतकंच. कार्ड वापरणारा हाच कार्डाचा मालक आहे, असं त्यात कुणी म्हटलेलं नसतं. मालकाने ‘हा व्यवहार माझा नाही’ असं त्याच्या बँकेला कळवलं की ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेमार्फत तुमच्या बँकेकडे पैसे मागते आणि तुमची बँक ते तुमच्या खात्यातून वळते करते. हा चार्जबॅक. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक तक्रारींना १२० दिवसांची मुदत असते.

होमस्टेवाल्यांनी पुढचं जरा सावकाश वाचावं. तक्रार ‘सेवा मिळालीच नाही’ अशी असेल, तर हे दिवस पैसे भरल्यापासून धरत नाहीत, सेवा मिळायची होती त्या तारखेपासून धरतात. व्हिसाने वरची मर्यादा व्यवहारापासून ५४० दिवस ठेवली आहे. म्हणजे सप्टेंबरात जानेवारीच्या बुकिंगचे पूर्ण पैसे घेतलेत तर त्यांच्यावरची टांगती तलवार मेअखेरपर्यंत राहते. किराणा दुकानात पैसे आले आणि माल गेला, दोन्ही एका मिनिटात. तुमच्याकडे पैसे आज आणि सेवा चार महिन्यांनी. बँका हॉटेलं आणि ट्रॅव्हल कंपन्यांकडे जास्त बारकाईने बघतात त्यामागे हे अंतर आहे.

म्हणून कुठलाही व्यवहार तोलताना मी आधी बघायचो, कार्ड कुठल्या वाटेने आलं? कारण फसवणूक निघाली तर भुर्दंड कुणाचा, हे त्या वाटेवर ठरलेलं असतं. मग बघायचो, दुकानदाराच्या हातातून काय जाणार आणि ते परत आणता येईल का? ऑफ सीझनला रिकामी पडलेली खोली दिली आणि पैसे बुडाले तर चादरी धुण्याचा आणि जेवणाचा खर्च गेला. ३१ डिसेंबरला तीच खोली अडकवून ठेवली तर दुसरं खरं गिऱ्हाईक गेलं. आंब्याच्या पेट्या गेल्या तर माल गेला. आणि गाडीवाल्याला पाठवले तर रोकड गेली. चारही ठिकाणी रक्कम सारखी असेल, नुकसान सारखं नाही.

खाडीकाठ

चांगला धागा. आमची दापोली-हर्णै पट्ट्यात खानावळ आणि वर चार खोल्या. मशीन आहे, वेबसाइट नाही. माझा अनुभव असा की माणूस समोर असला की कळतं. गाडी कुठली, बोलणं कसं, कुटुंब बरोबर आहे का, यावरून अंदाज येतो. तरुण पोरांचा घोळका आला आणि कुणाच्या तरी भलत्याच नावाचं कार्ड काढलं की मी सरळ रोख मागतो.

शनिवारपेठ

खाडीकाठ, मी तुमच्यासारख्यांकडे येणारं गिऱ्हाईक आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. कॉलेजात असताना आम्ही मित्र मुरूडला आलो होतो. एका ठिकाणी आमच्या कपड्यांकडे बघून कार्ड नाकारलं. कार्ड माझंच होतं. रात्री एटीएम शोधत फिरलो आणि पुन्हा त्या घरी गेलो नाही. चोरीचं कार्ड वापरणारा माणूस उलट नीटनेटका, गोड बोलणारा आणि महागड्या गाडीतून उतरणारा असू शकतो. चेहऱ्यावरून ठरवलंत तर चांगली माणसं दुखावतील आणि चोर सुटेल.

जमाखर्च

शनिवारपेठ यांच्याशी पूर्ण सहमत. खाडीकाठ, तुमच्याकडे माणूस बघायची गरजच फारशी नाही, कारण तुमची वाट सगळ्यात सुरक्षित आहे.

जुन्या कार्डांमागे काळी पट्टी असते. तिच्यातली माहिती दर वेळी तीच, त्यामुळे एकदा नक्कल केली की नकली कार्ड तयार. चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, आदल्या व्यवहाराचा आकडा पुन्हा चालत नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत देशातली पट्टीवाली कार्डं बदलून चिप आणि पिनची द्यायला लावली ती यासाठीच. चिप मशीनमध्ये घातली, गिऱ्हाइकाने स्वतः पिन दाबला, तर ‘मी नव्हतोच’ या तक्रारीचा भार साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. तुमच्यावर नाही. मग समोर मुंबईचा डॉक्टर असो नाहीतर कॉलेजचा मुलगा.

बघायचं ते इथे. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय नुसतं टेकवून पैसे देता येतात. कुणी १४,००० चं बिल तीन तुकड्यांत टेकवून द्यायला निघाला तर नको म्हणा, चिप घालून पिन मागा. चिप चालत नाही, पट्टी घासा किंवा नंबर हाताने टाका असा आग्रह धरला तर दुसरं कार्ड मागा. परदेशी पाहुण्यांच्या काही कार्डांना मशीन पिन न मागता सही मागतं, त्यात वावगं काही नाही, सहीची पावती मात्र जपून ठेवा. भलत्या नावाच्या कार्डाचं म्हणाल, तर पिन आला तरी माझा सल्ला असा की नाव वेगळं दिसलं तर सौजन्याने ओळखपत्र बघावं. ते सगळ्यांचंच बघा, निवडक लोकांचं नको.

दांडीवरचो

माझा पण आयका. आमच्या हय मालवणात नाताळच्या हंगामात फोनार फोन येतत. ‘स्कुबाचा बुकिंग करूचा आसा, कार्डाचो नंबर सांगतंय, लिवन घेवा.’ काय जण तर कार्डाचो फोटोच व्हॉट्सॲपार धाडतत, फुडची बाजू आणि मागची पण. एका दुकानात वहीत नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे लिवन ठेवलेले मी बघलंय. ह्या चलता काय?

आणि दुसरा. किनाऱ्यार रेंज नसता. मग पोरगो मशीन घेवन गिऱ्हाइकाबरोबर वर रस्त्यापर्यंत जाता. गर्दीच्या दिवसांत मशीन कोणाच्या हातात गेला ता समजणा नाय.

जमाखर्च

दांडीवरचो, ती वही ज्याची असेल त्याला आजच फाडून जाळायला सांगा. मागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, व्यवहार झाल्यावर कुणीही, कुठल्याही रूपात साठवायचे नाहीत, असा कार्ड कंपन्यांच्या पीसीआय डीएसएस या सुरक्षा मानकाचा नियम आहे. वही, व्हॉट्सॲपचा फोटो, एक्सेलची फाइल, सगळं त्यात आलं. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कुणालाच कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, मोठमोठ्या वेबसाइटनासुद्धा. त्यांच्याकडे फक्त टोकन, म्हणजे खऱ्या नंबरऐवजी वापरायचा बदली संकेत असतो. वहीतला नंबर एखाद्या हंगामी पोराने फोटो काढून विकला तर चौकशी तुमच्या दारात येणार.

फोनवरून नंबर घेऊन मशीनवर हाताने टाकणं ही सगळ्यात वाईट वाट. कार्ड समोर नाही, चिप नाही, पिन नाही. तक्रार आली तर लढायला हातात काही नसतं. त्याऐवजी गिऱ्हाइकाला पेमेंट लिंक पाठवा. तो त्याच्या फोनवर नंबर टाकेल, त्याच्या बँकेचा ओटीपी टाकेल. भारतात दिलेल्या कार्डांना ऑनलाइन व्यवहारात ही दुसरी खातरजमा ऑगस्ट २००९ पासून सक्तीची आहे. ती नीट पार पडली की ‘मी नव्हतो’ या तक्रारीचा भार पुन्हा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो.

मशीनबद्दल एवढंच की त्याचा अनुक्रमांक लिहून ठेवा, रोज रात्री ताडून बघा, आणि ‘बँकेतून आलोय, मशीन अपडेट करायचंय’ म्हणणाऱ्याला बँकेत फोन करून खात्री पटल्याशिवाय हात लावू देऊ नका. रिफंडचा पासवर्ड नोकराकडे नको. खोटे रिफंड स्वतःच्या कार्डावर घेतल्याची प्रकरणं मी हाताळली आहेत, आणि मालकाला ती महिनाअखेरीपर्यंत कळत नाहीत.

कलमबाग

देवगडहून लिहितेय. आमचा निम्मा आंबा आता ऑनलाइन जातो, त्यामुळे सुरूबनचा परदेशी कार्डाचा प्रश्न माझ्याही घरचा.

इंटरनेटवर धोका ओळखायची जी यादी मिळते तिच्यात पहिलं असतं, बिलाचा पत्ता आणि माल पाठवायचा पत्ता वेगळा असेल तर संशय घ्या. दुसरं, परदेशी कार्ड आणि देशातला पत्ता असेल तर संशय घ्या. आता आंब्याचं बघा. मुलगा न्यू जर्सीत, आई-बाबा डोंबिवलीला. अक्षय्य तृतीयेच्या आधी तो दोन पेट्या पाठवतो. कार्ड तिकडचं, पत्ता इकडचा. आमची परदेशी कार्डाची जवळपास प्रत्येक चांगली ऑर्डर अशीच असते! ती यादी लावली तर धंदाच बंद. पत्ता ताडून बघायची जी सोय गेटवे देतात, तीही मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या कार्डांना चालते, आखातातल्या आपल्या माणसांना तिचा उपयोग नाही.

म्हणून मी स्वतःच्या खुणा ठरवल्या. भेट पाठवणारा एका-दोन घरी पाठवतो आणि वर निरोप लिहितो, ‘आईला फोन करून द्या’, ‘वॉचमनकडे ठेवू नका’, ‘थोडे कच्चे द्या’. लबाड ऑर्डरीत आंब्याबद्दल काही नसतं. पेट्या भरपूर, सगळ्यात महाग प्रतीच्या, पत्ते पाच-सहा, आणि आजच निघाल्या पाहिजेत. एकाच मेल आयडीवरून तीन-चार वेगवेगळी कार्डं नापास होऊन पाचवं चाललेलं असतं. गेटवेच्या पानावर हे सगळं दिसतं, फक्त पेटी बांधायच्या आधी ते उघडून बघायला हवं. शंका आली की ज्याला माल जायचा त्याला फोन करते. ‘अमुक यांच्याकडून आंबा येतोय, घरी कोण असेल?’ आई असेल तर लगेच ओळखते, बहुतेक वेळा मुलाचं कौतुकही सांगते.

जमाखर्च यांना विचारायचंय, परदेशी कार्डांना ओटीपी लागतच नाही ना? मग ती घ्यायची कशी?

जमाखर्च

कलमबाग, तुमचा प्रतिसाद मी बँकेतल्या नव्या मुलांना वाचायला दिला असता. तयार याद्या दुसऱ्या देशांतल्या, दुसऱ्या मालासाठी केलेल्या असतात. आपल्या चांगल्या गिऱ्हाइकाचं वागणं माहीत असल्याशिवाय वाईट ओळखता येत नाही.

दुसरी खातरजमा सक्तीची आहे ती भारतात दिलेल्या कार्डांना. बाहेरच्या कार्डांना आपली सक्ती लागू नाही, पण त्यांच्यातल्याही पुष्कळ बँका थ्री-डी सिक्युअर या, ऑनलाइन व्यवहारात कार्डमालकाची खातरजमा करणाऱ्या पद्धतीत सामील आहेत. गेटवेच्या सेटिंगमध्ये किंवा त्यांच्या माणसाला सांगून एवढं करून घ्या की परदेशी कार्डावर थ्री-डी सिक्युअरची खातरजमा झाली तरच व्यवहार घ्यायचा, नाहीतर नाकारायचा. खातरजमा झालेल्या व्यवहारात फसवणुकीचा भार कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. प्रत्येक व्यवहारासोबत ईसीआय नावाचा दोन आकडी संकेत येतो. व्हिसासाठी ०५ म्हणजे पूर्ण खातरजमा, ०७ म्हणजे झालीच नाही. मास्टरकार्डसाठी पूर्ण खातरजमेचा संकेत ०२ आणि न झालेल्याचा ००. गेटवे तो दाखवत असेल तर मोठी ऑर्डर बांधण्याआधी बघत जा. यात काही खरी गिऱ्हाइकं गळतील, त्यांना बँक ट्रान्सफरचा पर्याय द्या.

गळतीची हळहळ वाटली तर हिशोब मांडा. समजा २०,००० ची ऑर्डर, त्यात सुटतात ४,०००. ती बुडाली तर माल आणि पाठवणीचे १६,००० गेले, वर चार्जबॅकचं शुल्क. म्हणजे चार चांगल्या ऑर्डरींची कमाई एका वाईट ऑर्डरीने खाल्ली. तुमचा नफा जितका पातळ तितकं कडक राहायला हवं. होमस्टेला नफ्याचं प्रमाण जास्त आणि खोली कुणी उचलून नेत नाही, तिथे थोडं सैल राहिलं तर चालतं.

पण भार बँकेकडे गेला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो जातो फक्त ‘मी नव्हतो’ या तक्रारीत. ‘माल मिळाला नाही’, ‘वर्णनासारखा नव्हता’, ‘रद्द केलं तरी पैसे दिले नाहीत’ या तक्रारी ओटीपी असला तरी तुमच्याच.

कलमबाग

हो, ‘वर्णनासारखा नव्हता’ हे आम्हाला फार येतं. पेटीत आंबा कच्चा जातो, अढी घालून पिकवावा लागतो, हे शहरातल्या नव्या पिढीला माहीत नसतं. आता पेटी बंद करताना फोटो काढतो, पिकवायच्या सूचनांचा कागद आत टाकतो आणि खराब फळ निघालं तर अमुक दिवसांत फोटो पाठवा असं ऑर्डरच्या पानावरच लिहिलंय. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं आमच्या नावाचं नोंदणी प्रमाणपत्रही जोडतो. ‘हा देवगडचा नाहीच’ अशी तक्रार आली होती तेव्हा त्याचाच उपयोग झाला.

खाडीकाठ

कार्डाच्या बाबतीत माझं मत बदललं, मान्य. पण इतकं सगळं वाचून वाटतं, बाबांचंच बरोबर, यूपीआयवर राहावं. शुल्क नाही, कार्डाइतकी चार्जबॅकची भीती नाही.

सुरूबन

खाडीकाठ, तेही इतकं सरळ नाही हो. आमच्या वाडीतल्या एकाला गेल्या हंगामात फोन आला. मी सैन्यात आहे, जवानांसाठी खोल्या हव्यात, तुम्हाला आगाऊ पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. त्याने स्कॅन करून पिन टाकला आणि पैसे यायच्या ऐवजी गेले. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे काउंटरवर मोठ्या अक्षरात लावायला हवं. खोटे स्क्रीनशॉट दाखवणारेही गर्दीच्या दिवशीच येतात.

जमाखर्च

आणि यूपीआयने आलेले पैसे दुसऱ्या कुणाला फसवून आणलेले असतील तर? तो माणूस सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि तेवढी रक्कम, कधी पूर्ण खातंच, गोठतं. तिथे तुम्हाला वाचवतं ते बिल, पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखपत्राची प्रत. म्हणजे कागद दोन्हीकडे लागतोच. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते, ज्याला आपण सगळे फॉर्म सी म्हणतो. तीच नोंद पुढे ‘मी तिथे गेलोच नव्हतो’ या तक्रारीला उत्तर म्हणून जोडता येते. एकाच कागदाने दोन कामं होतात.

बाकी यूपीआयला आणि रुपे डेबिट कार्डाला १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही, त्यामुळे स्थानिक आणि लहान रकमांना तेच चांगलं. कार्ड ठेवायचं ते क्रेडिट कार्डवाल्या आणि परदेशी पाहुण्यांसाठी.

शनिवारपेठ

गिऱ्हाइकाच्या बाजूने एक भर घालतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, तिसऱ्याच कुणाच्या लबाडीने व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. त्यामुळे अनोळखी व्यवहार दिसला की आम्ही लगेच बँकेला कळवतो, तसं करायलाही हवं. पण मग असं होतं. गणपतीपुळ्याला एका सुंदर घरात राहून आलो. महिन्याने स्टेटमेंटवर कुठल्याशा हार्डवेअर ट्रेडर्सचं नाव. बायको तक्रार भरायलाच बसली होती. तारीख बघून माझ्या लक्षात आलं, त्यांनी शेजारच्या दुकानातलं मशीन आणलं होतं. त्या भल्या माणसाचे पैसे अडकले असते, आणि त्याला कारणही कळलं नसतं.

सुरूबन

अरे बापरे. आमच्याकडे शेजारचे दोघं-तिघं म्हणून गेलेत, तुझं मशीन आलं की आमचीही कार्डं मारून दे. एक जण तर म्हणाला, कार्ड मारून रोख दे, शेकडा दोन रुपये तुला. गावात नाही कसं म्हणायचं?

जमाखर्च

माझं नाव सांगा, पण नाही म्हणा. दुसऱ्याच्या विक्रीचं कार्ड तुमच्या मशीनवर घेणं करारात बसत नाही. त्याने माल दिला की नाही तुम्हाला ठाऊक नाही, चार्जबॅक मात्र तुमच्या खात्यावर. क्रेडिट कार्डावर माल न देता रोख देणं त्याहून वाईट. बँकेला ते आकड्यांच्या चालीवरून दिसतं, सगळ्या रकमा गोल आणि त्याच त्या कार्डांवरून. मशीन काढून घेतात, आणि मग दुसऱ्या बँकेचंही मिळणं कठीण होतं. शेजाऱ्याला स्वतःचा अर्ज भरून द्या, ती खरी मदत.

आणि शनिवारपेठ यांनी फार मोलाचं सांगितलं. बँकेला लिहून स्टेटमेंटवर होमस्टेचंच नाव येईल असं करून घ्या. न जमल्यास पावतीवर आणि कन्फर्मेशनच्या संदेशात स्पष्ट लिहा, ‘तुमच्या स्टेटमेंटवर अमुक नाव दिसेल’. ‘हे काय आहे, मला आठवत नाही’ अशा तक्रारी त्याने खूप कमी होतात, आणि त्याला पैसा लागत नाही.

दांडीवरचो

आणि दर्या खवळलो म्हणान स्कुबा रद्द झालो तर? गिऱ्हाईक म्हणता, आमका दुसऱ्या खात्यात पैसे दी, कार्डार नको.

जमाखर्च

ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर परत. दुसऱ्या खात्यात दिलेत आणि नंतर त्याने चार्जबॅकही लावला तर दोनदा गेले. हवामानामुळे रद्द झालं तर काय, हे बुकिंगच्या वेळी लेखी कळवा आणि ‘मान्य’ अशी खूण करून घ्या. नंतर दाखवलेली अट तक्रारीत टिकत नाही.

सुरूबन

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना प्रतिसाद वाचून दाखवले, मशीनला त्यांचा होकार आहे. त्या मेलला मी लिहिलं, फक्त भाड्याच्या ३०% ची लिंक पाठवते, ओटीपीची खातरजमा झाली तरच चालेल, गाडीवाल्याचं तुमचं तुम्ही बघा. अजून उत्तर नाही. परदेशी कार्डं सध्या खोल्यांसाठी चालू करतेय, आंब्यासाठी कलमबाग यांच्यासारखं फोन करायची घडी बसली की मग.

शेवटची शंका. गेटवेच्या अर्जात विचारलंय, सरासरी व्यवहार किती, महिन्याची उलाढाल किती, आगाऊ किती टक्के घेता. भाऊ म्हणतो, कमी लिही, कर लागतो.

जमाखर्च

कराचा त्याच्याशी संबंध नाही, आणि कमी तर मुळीच लिहू नका. तुम्ही गिऱ्हाइकाला जसं तोलता तसंच बँक त्या अर्जावरून तुम्हाला तोलते. उद्या तुम्ही पैसे घेऊन सेवा न देता दुकान बंद केलंत, तर तुमच्या गिऱ्हाइकांचे चार्जबॅक बँकेलाच भरावे लागतात. म्हणून आगाऊचं प्रमाण विचारतात, आणि ते जास्त असेल तर काही रक्कम राखीव म्हणून काही महिने स्वतःकडे ठेवतात. तुम्ही ३०% आगाऊ आणि बाकी आल्यावर चिप-पिनने घेणार असाल तर तसंच लिहा, अट सौम्य होईल.

अर्जात सरासरी २,००० लिहिलंत आणि ८०,००० चा व्यवहार आला तर तो अडकतो, आणि नेमका गर्दीच्या आठवड्यात. तुमच्या बाबतीत त्याहून मोठी अडचण आंब्याची. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ शून्य आणि एप्रिलमध्ये एकदम लाखांची उलाढाल, ही चाल मुंबईत बसलेल्या तपासनीसाला किंवा त्याच्या संगणकाला हुबेहूब चोरीच्या मशीनसारखी दिसते. त्याला हापूसचा हंगाम माहीत असेल असं धरून चालू नका. अर्जात महिनावार आकडे द्या, होमस्टे आणि आंबा यांची खाती गेटवेवर वेगळी मागा, सातबारा आणि गेल्या हंगामाची बिलं जोडा. आणि फेब्रुवारीच्या शेवटी तुमच्या रिलेशनशिप मॅनेजरला मेल टाका की या तारखेपासून आंबा सुरू होतोय, साधारण इतकी उलाढाल होईल. तो मेल जपून ठेवा, पैसे अडकलेच तर पहिल्या फोनला तोच पुढे करायचा आहे.

कलमबाग

सातबाऱ्याचं मलाही ठाऊक नव्हतं. आमचे गेल्या एप्रिलमध्ये आठवडाभर अडकले होते, कारण कुणी सांगितलं नाही. सुरूबन, माझा महिनावार तक्ता तयार आहे, व्यक्तिगत संदेशातून पाठवते, तुमचे आकडे भरून घ्या.